लाथेचा प्रवेश

"शेवटच्या थांब्याचं एक द्या," म्हणून त्या बाईंनी नोट पुढे केली, आणि तिकीट हातात पडायच्या आत विचारलं, "तुम्ही सबिहाच्या आई ना?"

माझा तिकिटाचा चिमटा तिथेच थांबला. एसटीत बायका कंडक्टर नव्यानं दिसायला लागल्या होत्या त्या काळातली ही गोष्ट. तिकिटाआधी ओळख काढणारा माणूस कसा असतो ते मला तोवर चांगलं कळलं होतं. एक तर त्याच्याकडे सुटे नसतात, नाहीतर त्याचं बोचकं मोठं असतं. या बाईंनी सुटे मोजून दिले होते आणि खांद्याला फक्त एक कापडी पिशवी होती. म्हणजे हिचं बोचकं पोटात आहे, असं मी मनात म्हटलं.

"हो. काय केलं तिनं?"

"काही नाही. फार गुणी मुलगी आहे."

झालं. माझी खात्रीच पटली. पोरीची तक्रार करायला शिक्षक आला तर समजू शकतं. स्तुती करायला कोण तिकीट काढून येतं? मी डबल घंटी मारली आणि मागच्या सीटांकडे निघून गेले. बाई मात्र शेवटच्या थांब्यापर्यंत आल्या, पाच मिनिटं बसमध्येच बसून राहिल्या आणि त्याच बसनं परत फिरल्या. परतीचंही तिकीट काढलं. त्या टिपणीस बाई. शाळेत त्या वर्षी नव्यानं आलेल्या, मराठी शिकवायला.

त्यांना काय हवं होतं ते कळायला आमच्या कोटबंदरची कादंबरी माहीत पाहिजे. तिला नाव आहे, पण गावात कुणी ते घेत नाही. नुसतं 'कादंबरी' म्हणतात, जणू जगात दुसरी कुणी लिहिलीच नाही. शंभर वर्षांपूर्वी आमच्याच गावच्या एका विद्वानानं ती लिहिली. समुद्रातल्या कोटाचा शूर किल्लेदार, त्याची सुंदर बायको, बाहेर शत्रूचा वेढा, आणि किल्लेदाराच्या पदरी एक मर्जान नावाचा हबशी, मशाल धरणारा. हा मर्जान मोहरांच्या थैलीला भुलून दरवाजा उघडतो. अख्ख्या पुस्तकात त्याच्या तोंडी एक शब्द नाही. तो फक्त हसतो, आणि लेखक प्रत्येक वेळी त्याचे दात किती पांढरे ते सांगतो. शेवटी किल्लेदार त्याला दरवाज्याच्या पायऱ्यांवरून लाथ मारून खाली पाडतो.

कादंबरी ती कादंबरी. पण गावानं तिची तवारीख, म्हणजे खराखुरा इतिहास, करून टाकली. आणि आम्ही हबशी. सिद्दी म्हणतात आम्हाला. कोटबंदरात आमची चारच घरं उरलेली. आमचे वाडवडील खरोखरच कोटावर पहारेकरी होते. मग काय विचारता! शाळेच्या सहलीला गाईड दरवाजा दाखवायचा आणि सांगायचा, ह्यांच्याच खापरपणज्यानं उघडला बरं का. सगळी पोरं वळून आमच्याकडे बघायची.

शाळेच्या गॅदरिंगला दर वर्षी या कादंबरीतला एक प्रवेश व्हायचाच. त्याचं छापील नाव काही भलतंच भारदस्त होतं, पण सगळे त्याला लाथेचा प्रवेश म्हणत. किल्लेदाराचं काम फणसाळकरांच्या घरातला मुलगा करणार, कारण शाळा त्यांच्या आजोबांनी काढलेली. मर्जानचं काम आमच्या घरातला, कारण रंग लावावा लागत नाही. आमच्यातला मुलगा शाळेत नसेल त्या वर्षी कुणाच्या तरी तोंडाला तव्याची काजळी फासत. लाथ बसली, मर्जान पायऱ्यांवरून गडगडला, की अख्खं मैदान ओरडायचं, 'वन्स मोअर!' मग तो उठून परत वर जायचा आणि परत लाथ खायचा. माझ्या अब्बांनी हे काम केलं. माझा मोठा भाऊ जाफर, त्यानं तर ओळीनं चार वर्षं केलं. शाळा सुटून पंचवीस-सव्वीस वर्षं झाली तरी जेट्टीवर लाँचची तिकिटं फाडणाऱ्या माझ्या भावाला अर्धं गाव 'ए मर्जान' म्हणूनच हाक मारत होतं, आणि तो 'ओ' देत होता. त्याचं लग्न दोनदा ठरून मोडलं. मुलीकडच्यांनी गावात चौकशी केली की लोक आधी मर्जानचाच किस्सा रंगवून सांगायचे. जाफरभाई म्हणायचा, नाटक होतं गं ते, मनावर काय घ्यायचं. पण गॅदरिंगच्या मैदानावर त्यानं पुन्हा कधी पाय ठेवला नव्हता.

माझी सबिहा आठवीत होती. तिचे अब्बा जहाजावर खलाशी, वर्षातून एकदा घरी येणार. म्हणजे तिला सांभाळायची ती मीच. मुलगी आहे म्हणून ती या मर्जानच्या फेऱ्यातून सुटली, असं समजून मी निवांत होते.

त्या बसच्या दिवशी संध्याकाळी सबिहा ताटावर बसली आणि बोलली, अम्मी, बाईंनी वर्गात विचारलं, मर्जान कुठून आला असेल? त्याची आई कोण होती? लेखकानं त्याला बोलू दिलं नाही, तर तो काय बोलला असता?

"मग?"

"मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं."

माझ्या हातातली भाकरी ताटात पडली. ही असली हुशार माणसं मला ठाऊक आहेत. जखम कुठे आहे ते बोट घालून बघणार आणि वर विचारणार, दुखतंय का? सबिहा पुढे म्हणाली की बाई या वर्षी तो प्रवेश नव्यानं लिहिताहेत, मर्जानच्या बाजूनं. कोण करेल विचारलं तेव्हा मी हात वर केला.

"तू केलास, की करायला लावला?"

"मी केला."

मी विश्वास ठेवला नाही. तेरा वर्षांच्या पोरीचा हात वर करायला शिक्षकानं नुसतं तिच्याकडे बघितलं तरी पुरतं.

दुसऱ्या दिवशी बाई परत बसमध्ये हजर. या खेपेला माझ्याच शेजारच्या सीटवर. आवाज मऊ, चेहरा गरीब. गोगलगाय आणि पोटात पाय. त्यांनी सांगितलं की त्यांना मर्जानवर एक पुस्तकच लिहायचं आहे, कादंबरीतला नव्हे, त्यांच्या मनातला. हा प्रवेश म्हणजे त्याची सुरुवात. तुमच्या घरात जुन्या गोष्टी सांगतात का? गाणी? आजीच्या तोंडची एखादी ओवी, एखादा वेगळा शब्द? मी म्हटलं, आमच्या आजीला दम्याचा त्रास होता, ती गात नसे. साफ खोटं. आजी उंबऱ्यात बसून दर्ग्याच्या संदलच्या दिवसांत ढोलावर जी गाणी म्हणायची, त्यातले शब्द आम्हालाही कळत नसत, पण अंगावर काटा यायचा. ते मी हिला कशाला देऊ? आमच्या पोरीच्या जिवावर हिला पुस्तक काढायचंय, आता आजीही पाहिजे.

तरीही सबिहानं घरात धरणंच धरलं. जेवेना, बोलेना. जाफरभाईला मी मध्ये घातलं तर तो खाली मान घालून म्हणाला, करू दे की. शेवटी मी बाईंना बसमध्येच गाठलं. म्हटलं, एकाच अटीवर. लाथ नको. माझ्या पोरीला कुणी पाय लावणार नाही, नाटकात नाही, खोटा नाही, हळू नाही. तिला आयुष्यभर कुणी त्या नावानं हाक मारलेली मला चालणार नाही.

"लाथ नाही," टिपणीस बाई म्हणाल्या. "शब्द देते."

शब्दाला काय, तिकीट लागत नाही. मी मान हलवली आणि डोळे उघडे ठेवले.

घरी सबिहा भाषण पाठ करायला लागली. बाईंनी लिहिलेला मर्जान म्हणजे साक्षात देवमाणूस! त्याला लहानपणी आईपासून तोडून आणलेलं, तरी तो किल्लेदारावर जीव टाकतो. थैलीला तो हातही लावत नाही. बाहेर शत्रूच्या छावणीत एक तान्हं बाळ रडत असतं, त्याला पाणी मिळावं म्हणून तो दरवाजा उघडतो. ऐकताना मला हसावं की रडावं कळेना. जाफरभाई भिंतीला टेकून ऐकत होता. तो म्हणाला, "एवढं गोड बोलून शेवटी खायची काय, तर लाथच ना?" मी म्हटलं, लाथ नाही, बाईंनी शब्द दिलाय. त्यावर तो उठून बाहेर निघून गेला. तेव्हाच मला समजायला हवं होतं की पाणी कुठेतरी मुरतंय.

मग एकेक गोष्ट दिसायला लागली. तालीम बंद दाराआड, पालकांना आत सोडत नाहीत. शिपायाला विचारलं तर म्हणे, बाईंची ऑर्डर आहे. फणसाळकरांची जीप एका संध्याकाळी बाईंच्या भाड्याच्या खोलीबाहेर उभी दिसली. अण्णासाहेब फणसाळकर शाळेचे अध्यक्ष, आणि त्यांचा नातू तन्मय किल्लेदाराच्या कामाला. ते एका साध्या शिक्षिकेच्या खोलीवर कशाला जातील? रविवारी बाई जेट्टीवर कॅमेरा घेऊन आल्या आणि लाटांचे फोटो काढत जाफरभाईशी बराच वेळ बोलत उभ्या राहिल्या. काय विचारलं म्हटलं तर भाई म्हणाला, लाँचच्या वेळा. लाँचच्या वेळा फळ्यावर लिहिलेल्या असतात, हे शिक्षिकेला दिसत नाही होय?

आणि मग सबिहाचे गुडघे. एके दिवशी सोललेले, दुसऱ्या दिवशी कोपरावर काळानिळा डाग. ती शाळेच्या कबड्डी संघात कोपरारक्षक. खेळताना लागलं म्हणाली. पण कबड्डीचे सामने तर दिवाळीआधीच संपले होते. मी काही बोलले नाही. बिनतिकिटवाल्याला आधी सांगून कुणी पकडत नाही; तो दुसऱ्या दारानं उतरतो.

गॅदरिंगच्या आदल्या दिवशी माझ्या बसमध्ये शाळेच्या कमिटीतले दोघे चढले. मी पाठमोरी, तिकिटं फाडत होते. एक जण म्हणाला, बाई फार अडून बसली होती. दुसरा म्हणाला, अडेल कुठवर, अजून कायम कुठे झालीय? अण्णासाहेबांनी एकदाच सांगितलं, भाषण काय पाहिजे ते म्हणवून घ्या, पण लाथ राहणार. लोक लाथेसाठीच येतात. त्यावर पहिला म्हणाला, यंदा मुलगी आहे, तन्मय जरा हळू मारेल. दोघे हसले. मी त्यांच्या हातात उरलेले पैसे ठेवले. शब्द देते म्हणे!

ड्यूटी संपल्याबरोबर मी घरी गेले. सबिहा नव्हती. शेजारीण म्हणाली, मामूबरोबर जेट्टीकडे गेली. जेट्टीच्या मागे मासे सुकवायची वाळूची मोकळी जागा आहे. तिथे जाऊन बघते तर माझा सख्खा भाऊ माझ्या पोरीच्या पोटावर पाय ठेवून तिला ढकलत होता, आणि ती लाकडाच्या फळ्यांवरून खाली वाळूत गडगडत होती.

मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. सबिहाला मी घरी हाकललं. जाफरभाई सरकलेल्या फळ्या परत रचत होता.

"पडायला शिकवतोय," तो अखेरीस म्हणाला. "खांदा आत घेतला की पायऱ्या लागत नाहीत. मला हे दुसऱ्या वर्षी कळलं. पहिल्या वर्षी दात गेला होता."

"तुला माहीत होतं, लाथ आहे म्हणून?"

"सबिहानंच सांगितलं. लाथ ठेवायची ठरली तेव्हा. मी म्हटलं तिला, काम सोड. ऐकत नाही. मग हाड तरी मोडू नये."

म्हणजे एवढ्यासाठी. सगळं गाव एका बाजूला, आणि माझ्या भावाला पोरीसाठी दुसरं काही सुचलं नाही. मला त्याची दया आली आणि त्याहून जास्त चीड आली. घरी येऊन मी सबिहाला एक अक्षर विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं बाईंना सावध केलं असतं. मनात मात्र पक्कं ठरवलं: उद्या ऐन वेळी जायचं आणि पोरीला सगळ्या गावासमोर उचलून आणायचं. मग बघू कुणाला लाथ मारतात ते.

दुसऱ्या दिवशी शेवटची फेरी संपवून मी खाकी कपड्यांतच शाळेच्या मैदानावर पोचले. मंडप भरला होता. पुढे सोफ्यावर अण्णासाहेब. मी सरळ स्टेजच्या मागे गेले. शिपाई आडवा आला, त्याला बाजूला सारलं. पडद्याआड टिपणीस बाई उभ्या होत्या, आणि शेजारी सबिहा, डोक्याला फडकं बांधून, हातात मशाल. मशाल म्हणजे बांबूला वर बल्ब आणि भगवा कागद. तोंडाला काही फासलेलं नव्हतं.

"तुम्ही शब्द दिला होता," मी म्हटलं.

"दिला होता," बाई म्हणाल्या. "मोडला."

मला वाटलं होतं त्या आढेवेढे घेतील, कारणं सांगतील. मग माझी तोफ सुटली असती. त्या सरळच म्हणाल्या तेव्हा मी क्षणभर अडखळले. त्यांचा चेहरा उतरलेला होता. त्या म्हणाल्या, अण्णासाहेब खोलीवर येऊन दम देऊन गेले, त्याच दिवशी मी हा प्रवेशच रद्द करते म्हणून सांगणार होते. तुम्हालाही येऊन सांगणार होते. सबिहानं सांगू दिलं नाही.

"पोरीवर ढकलता?"

"अम्मी," सबिहा म्हणाली. "मीच म्हटलं, लाथ काढू नका."

"का?"

"काढली तर म्हणतील, हबशीण घाबरली. आणि पुढच्या वर्षी कुणाच्या तरी तोंडाला काजळी फासून परत मारतील."

हे बाईंनी पढवलेलं आहे, असं माझ्या मनात आलंच. तिकडे निवेदकानं आमच्या प्रवेशाचं नाव पुकारलं. टाळ्या पडल्या. टिपणीस बाई माझ्याजवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही न्यायचं म्हटलंत तर आत्ता घेऊन जा. मी बाहेर जाऊन सांगते की प्रवेश होणार नाही. माझं काय व्हायचं ते होईल." आणि त्या खरोखरच पडद्याच्या फटीकडे निघाल्या. बाईंची चाल मला खोटी वाटेना. डोळे आणि आवाज माणूस सजवतो, चाल सजवता येत नाही. रोज शंभर माणसं दाराशी चढता-उतरताना बघते मी.

मी सबिहाकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. मशालीचा बांबू दोन्ही हातांत घट्ट धरून ती स्टेजवरच्या त्या लाकडी पायऱ्यांकडे बघत होती. मला एकदम वाटलं, हिला ओढून नेलं तर ही मला कधी माफ करणार नाही. आणि नाही नेलं आणि गाव हसलं, तर मी स्वतःला करणार नाही.

"थांबा बाई," मी म्हटलं. "होऊ द्या."

मी बाहेर येऊन मंडपाच्या कडेला गेले, तर तिथे शेवटच्या खुर्च्यांवर जाफरभाई. इतक्या वर्षांनी! मी काही विचारायच्या आत तोच म्हणाला, पडली तर उचलायला कुणीतरी पाहिजे. मी त्याच्या शेजारी बसले.

पडदा उघडला. सबिहा मशाल घेऊन वरच्या पायरीवर उभी. तिनं बाईंचं भाषण सुरू केलं, आई, समुद्र, विकत घेणारा माणूस. लोकांना कळेना हे काय चाललंय. मर्जान बोलतो कसा? पुढे बसलेली पोरं चुळबुळायला लागली, कुणीतरी शीळ घातली. तान्ह्या बाळापाशी येऊन सबिहा थांबली. मला वाटलं, विसरली. पण ती विसरली नव्हती. ते बाळ तिनं गाळूनच टाकलं आणि नुसतं म्हणाली, "दरवाजा मी उघडला. का उघडला ते मला कुणी विचारलं नाही." एवढंच. बाईंनी हे लिहिलेलं नव्हतं. पाठांतर मी घरी ऐकलं होतं.

मग मिशी चिकटवलेला तन्मय तलवार उपसून आला आणि त्याचा तो जुना संवाद सुरू झाला. तो पायऱ्यांच्या वर पोचला तसं मैदान जागं झालं. पोरांनी टाळ्यांच्या तालावर ओरडायला सुरुवात केली, "लाथ! लाथ! लाथ!" सोफ्यावर अण्णासाहेब हसत मागे रेलले. शेजारी जाफरभाई पुटपुटत होता. मी कान दिला. "खांदा आत... आता खांदा आत घे पोरी..." आणि त्याचा स्वतःचा डावा खांदा आत वळला होता, हनुवटी छातीला टेकली होती.

तन्मयनं लाथ मारली. हळू नव्हे, चांगली जोरात. ओरडणाऱ्या गर्दीपुढे कुणाचा पाय हळू पडतो?

सबिहा एक पाऊल मागे गेली. मागचा पाय तिनं कबड्डीत रोवतात तसा रोवला, बांबू फळीवर दाबला, आणि ती पडली नाही. तन्मयचाच पाय घसरला. तो धपकन बसला, पगडी गडगडत खाली गेली. कुठेतरी एक हसू फुटलं आणि लगेच विझलं. मागून, ज्याला काही दिसलं नसावं अशा कुणीतरी सवयीनं आरोळी दिली, "वन्स मोअर!"

सबिहानं खाली वाकून तन्मयला हात दिला. त्याला उठवलं. मग ती जिथे आधी उभी होती तिथेच परत जाऊन उभी राहिली, त्याच्याकडे तोंड करून.

"मार," ती म्हणाली.

अण्णासाहेब सोफ्यावरून हातानं खुणावत होते, मार मार म्हणून. पोरगा कधी आजोबांकडे बघे, कधी सबिहाकडे. चौदा-पंधरा वर्षांचाच तोही, मिशी एका बाजूला सुटलेली. त्यानं पाय थोडा उचलला आणि परत खाली ठेवला. टाळ्यांचा ताल कधी थांबला कुणाला कळलं नाही. मग किल्लेदार वळला आणि मुकाट्यानं आत निघून गेला. स्टेजवर एकटी माझी पोर, हातात मशाल. बाईंनी कितीतरी वेळानं पडदा ओढला.

तो प्रवेश त्यानंतर शाळेत पुन्हा झाला नाही. टिपणीस बाईंना जूनमध्ये कायम केलं नाही, त्या गाव सोडून गेल्या. पुढे त्यांचं पुस्तक आलं, त्यांनी ते सबिहाच्या नावावर पोस्टानं पाठवलं. त्यात तान्हं बाळ नाही. त्या बाईंवरचा माझा संशय पूर्ण गेला असं मी अजूनही म्हणणार नाही; शब्द मोडला तो मोडलाच. पण पुस्तक मी वाचलं, आणि आजीच्या गाण्याबद्दल त्यांना आपण होऊन लिहून कळवलं. सबिहा आता रत्नागिरीला असते, तिला मर्जान म्हणून कुणी हाक मारल्याचं माझ्या कानावर नाही. पण हे सगळं नंतरचं.

त्या संध्याकाळी पडदा पडला, लोक कुजबुजत उठायला लागले, आणि माझा ऊर भरून आला होता. मी जाफरभाईकडे वळले. तो अजून तसाच बसला होता, खांदा आत वळवून. बेचाळीस वर्षांचा माणूस. त्यानं मान वर केली.

"मी तिला हे शिकवलं नव्हतं," तो म्हणाला.

"माहीत आहे मला."

त्यानं पडद्याकडे, त्यामागच्या पायऱ्यांच्या दिशेनं बघितलं. मग त्यानं मला विचारलं, अगदी हळू, मला खरंच माहीत असेल अशा भरवशानं:

"मैमूना, म्हणजे उभं राहता येत होतं?"

मी त्याचा हात हातात घेतला, आणि खुर्च्या उचलणारी माणसं आमच्यापर्यंत येईतो आम्ही तिथेच बसून राहिलो.